एकोणीस फूट लांब, पावणेचार फूट रुंद : पश्चिमेच्या बाल्कनीत काय ठेवावं, काय ठेवू नये

आधी तुम्ही विचारलेला प्रश्न थोडक्यात सांगते. पुण्यात सातव्या मजल्यावर टू बीएचके. हॉल आणि बेडरूम दोन्हींना लागून एकच बाल्कनी, आतलं माप १९ फूट लांब, ३ फूट ९ इंच रुंद, तोंड पश्चिमेला. उत्तरेकडून मोजत गेलं तर दोन फूट भिंत, मग हॉलचं सहा फुटी स्लाइडिंग दार, मग साडेचार फूट भिंत, मग बेडरूमचं अडीच फुटी दार आणि शेवटी चार फूट भिंत. त्या शेवटच्या, दक्षिणेकडच्या कोपऱ्यात एसीचं बाहेरचं युनिट. दोन्ही टोकांना पूर्ण उंचीच्या भिंती. कठडा म्हणजे खाली दीड फुटाचा कट्टा आणि त्यावर आडव्या लोखंडी नळ्या. घरात सासूबाई आणि चार वर्षांची मुलगी. हवं आहे ते असं : दोघातिघांना चहा घेत बसता यावं, तुळस असावी, कपडे वाळत घालायची सोय तशीच राहावी, थोडी झाडं, आणि जमलं तर झोपाळा. सध्या दोन्ही बाजूंना सामान लागलंय आणि मधून तिरकं होऊन जावं लागतं.

शेवटच्या वाक्यातच तुमची खरी अडचण आली आहे. रुंदी ४५ इंच. माणसाला सरळ चालायला किमान २४ इंच लागतात, आणि हातात ओल्या कपड्यांची बादली असेल तर ३०. पंचेचाळीसातून तीस गेले, उरले पंधरा. हे पंधरा इंच तुमचं खरं भांडवल. ते दोन्ही बाजूंना साडेसात-साडेसात वाटलेत तर कुठेच काही नीट बसत नाही आणि पूर्ण बाल्कनी बोळकांडी होते. म्हणून सगळं सामान एकाच बाजूला, घराच्या भिंतीला लावायचं आणि कठड्याकडची वाट मोकळी ठेवायची. सूट फक्त दोन्ही टोकांना. तिथून पुढे कोणाला जायचंच नसतं, त्यामुळे तिथे पूर्ण रुंदी वापरली तरी वाट अडत नाही. अशा बाल्कनीचं सगळं नियोजन या एका हिशेबावर उभं राहतं. रंग, दिवे, कुशन हे नंतरचं.

काही विकत घ्यायच्या आधी एक काम करा. बेडरूमच्या टोकाला एक बादली पाणी ओता आणि ते कुठे जातं ते बघा. बाल्कनीला पाणी जायच्या जाळीकडे उतार दिलेला असतो, साधारण शंभराला एक. १९ फुटांत तो दोन-सव्वादोन इंच होतो. नीट दिलेला असेल तर पाणी दोन-तीन मिनिटांत जातं. मध्येच डबकं राहिलं तर आधी गवंडी बोलवा, कारण त्यावर डेक टाइल (फरशीवर नुसत्या जोडून बसवायच्या पट्ट्यांच्या टाइल) टाकली की ते डबकं दिसेनासं होतं, जात नाही. खालच्या मजल्याच्या छताला ओल आली की मग सगळं उचकटून काढावं लागतं. हा उतार फर्निचरलाही नडतो. लांब बाक लांबीच्या दिशेने ठेवला की एका बाजूला कलतो. म्हणून पाय स्क्रूने वरखाली होणारेच घ्या.

आता मुलीचा विषय, कारण बाकीचं सगळं त्यावर अवलंबून आहे. दीड फुटाचा कट्टा ही लहान मुलाच्या दृष्टीने पहिली पायरी आणि आडव्या नळ्या म्हणजे पुढची शिडी. कठड्याची उंची फरशीपासून मोजून समाधान मानू नका, कट्ट्याच्या माथ्यापासून मोजा. साडेतीन फुटांचा कठडा कट्ट्यावर उभ्या राहिलेल्या मुलीसाठी दोनच फुटांचा उरतो. ‘कठड्याजवळ खुर्ची ठेवू नका’ असं सगळीकडे सांगतात, आणि ते योग्यच आहे. पण ३ फूट ९ इंचात कठड्यापासून लांब अशी जागाच नसते, आणि चार वर्षांचं मूल प्लास्टिकची खुर्ची सहज ओढत नेतं. त्यामुळे तुमच्या घरात कट्ट्यापासून वरच्या स्लॅबपर्यंत पूर्ण उंचीचा अडसर हवाच. तो होईपर्यंत बाल्कनीत बसायचं काही आणूही नका.

अडसराचे पर्याय दोन. एक, बाजारात ‘इनव्हिजिबल ग्रिल’ म्हणून मिळते ती : वर आणि खाली अॅल्युमिनियमची पट्टी, मध्ये स्टीलच्या ताणलेल्या उभ्या तारा. तार ३१६ ग्रेडची, म्हणजे सहज न गंजणाऱ्या स्टीलची, घ्या आणि दोन तारांमधलं अंतर दोन इंचच ठेवायला सांगा. तीन-चार इंचांचं स्वस्त पडतं, पण लहान मूल घरात असताना तो विचार नको. दुसरा पर्याय, नेहमीची लोखंडी ग्रिल. मजबूत असते, मात्र तिच्यात कुलूप लावता येईल अशी उघडणारी खिडकी ठेवा आणि किल्ली आतल्या बाजूला हाताशी टांगा. आग लागली तर बाहेर पडायला किंवा बाहेरून आत यायला वाट लागते. आणि एक गोष्ट ठासून सांगते : कबुतरांसाठी लावतात ती नायलॉनची जाळी मुलाचं वजन पेलायला नसते. ती आहे म्हणून निर्धास्त राहू नका. कोणताही पर्याय निवडलात तरी सोसायटीची लेखी परवानगी घ्या, दर्शनी भाग बदलतो. काच लावून बाल्कनी बंद करून टाकायचा सल्ला कोणी दिला तर तो महापालिकेच्या परवानगीशिवाय नियमात बसत नाही, आणि पश्चिमेला तर ती मे महिन्यात भट्टी होते.

बसायची जागा उत्तरेच्या टोकाला करा, हॉलच्या दाराशी. तिथे दोन फूट भिंत आहे आणि पुढे सहा फुटी स्लाइडिंग. या दाराचे दोन पल्ले असतात, पण एका वेळी उघडा तीनच फूट राहतो. उत्तरेकडचा पल्ला कायमचा बंद करा, ट्रॅकमध्ये स्टॉपर टाका आणि ये-जा फक्त दक्षिणेकडच्या पल्ल्याने करा. म्हणजे दोन फूट भिंत आणि तीन फूट बंद काच मिळून पाच फुटांचा कोपरा तुम्हाला पूर्ण रुंदीचा मिळाला. एक पैसाही न खर्चता मिळणारी ही एवढीच जागा आहे, आणि ती बहुतेक घरांत वाया गेलेली दिसते.

या कोपऱ्यात आखूड भिंतीला लागून, भिंत ते कठडा असा आडवा बाक करा : लांबी पूर्ण ४५ इंच, खोली १८ इंच, उंची १७. दोन माणसं खेटून पण आरामात बसतात. समोर एक घडीची खुर्ची, मध्ये बंद काचेच्या बाजूला पाय नसलेलं, भिंतीवर घडी होणारं बारा इंची टेबल. ते दोन फूट भिंतीवरच बसेल, काचेवर नाही. ‘मग बसणाऱ्याचं तोंड बाहेर कसं होणार?’ असं तुम्ही विचाराल. होऊ नयेच. पश्चिमेकडे तोंड करून बसलात तर साडेपाचनंतर सूर्य थेट डोळ्यांत येतो आणि चहा संपायच्या आत माणूस उठतो. लांबीच्या दिशेने बसलं की ऊन कडेने येतं, बाहेर बघायला मान थोडी वळवली की पुरे, आणि समोर माणूस असल्यामुळे गप्पा होतात. ओळीने बाहेर तोंड करून बसलं की बसस्टॉपवर बसल्यासारखं वाटतं.

उत्तरेचंच टोक का, याचं आणखी एक कारण आहे. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर. जूनमध्ये इथे सूर्य बरोबर पश्चिमेला मावळत नाही, उत्तरेकडे सुमारे २५ अंश सरकून मावळतो. त्यामुळे उन्हाळ्यातल्या संध्याकाळी तुमची उत्तरेची भिंत स्वतःच्या पायाशी थोडी सावली टाकते. फार नाही, फूट-दीड फूट, सूर्य अगदी खाली आला की पावणेदोन. पण बाक १८ इंचांचाच आहे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे सरकतो आणि तेच टोक संध्याकाळी उबदार होतं. पावसाळ्यात मात्र हिशेब उलटतो. आपल्याकडे पाऊस पश्चिम आणि नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उत्तरेच्या कोपऱ्यात झड जास्त लागते आणि दक्षिणेच्या भिंतीआड थोडी कमी. जून ते सप्टेंबर बाक ओला होणार हे धरूनच त्याचं सामान निवडा.

बाक कशाचा करायचा? एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डला हात लावू नका. पहिल्याच पावसाळ्यात कडा पावासारख्या फुगतात. सुतार ‘साधा कमर्शियल प्लाय लावू, वरून लॅमिनेट मारू’ म्हणाला तर नाही म्हणा. प्लायच वापरायचा तर आयएस ७१० मार्कचा मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारा, आणि कडा एजबँडने (कडेला चिकटवायच्या पट्टीने) किंवा निदान रंगाने सर्व बाजूंनी बंद केलेल्या, खालची बाजूसुद्धा. माझं मत विचाराल तर लोखंडी चौकोनी पाइपचा सांगाडा आणि वर सागवानाच्या पट्ट्या, दोन पट्ट्यांत पाव इंच फट, म्हणजे पाणी थांबत नाही. लोखंड गंजतं ते वेल्डिंगच्या जागी आणि पायाच्या टोकाला. म्हणून फॅब्रिकेटरकडून सांगाडा रंगाला जायच्या आधी स्वतः जाऊन बघा. वेल्ड घासून सपाट केलंय का, पाइपची टोकं पत्र्याने बंद केली आहेत का. उघड्या टोकात पाणी शिरतं, आतून गंज खातो आणि बाहेरचा पावडर कोटिंगचा रंग मात्र छान दिसत राहतो. पायांना रबरी बूट घाला, नाहीतर फरशीवर तांबडे गोल डाग पडतात आणि ते जात नाहीत.

बाकाखाली पेटी करून सामान ठेवायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पावसाळ्यात त्या पेटीत बुरशी आणि झुरळं याशिवाय काही टिकत नाही. खाली मोकळं ठेवा, झाडू फिरला पाहिजे.

जमिनीवर गाद्या टाकून भारतीय बैठक करायची असेल तर एकदा तिथे मांडी घालून बसून बघा. जमिनीवर बसलेल्याची नजर साधारण अडीच फुटांवर असते. तुमचा कट्टा दीड फुटाचा, त्यामुळे नळ्यांमधून बाहेरचं दिसेल. पण अनेक इमारतींत साडेतीन फुटी भरीव कठडा असतो, तिथे बैठक म्हणजे भिंतीकडे बघत बसणं. तुमच्याकडे जमेल, मात्र सासूबाईंना खाली बसून उठणं सोपं नाही, म्हणून मी बाकच सुचवेन.

मधली साडेचार फुटी भिंत तुळशीची. तुळस परंपरेने पूर्व-ईशान्येला ठेवतात हे खरं, पण फ्लॅटमध्ये दिशा आपल्या हातात नसते, आणि तुळशीला हवं असलेलं ऊन इथे भरपूर आहे. भिंतीच्या मधोमध, दहा-बारा इंच चौरस तळाचं छोटं वृंदावन. पंधरा इंचांत ते बसतं आणि हॉलमधून बाहेर पाऊल टाकलं की लगेच हाताशी येतं. दिव्यासाठी काचेची चिमणी किंवा भिंतीत बसवलेला छोटा कोनाडा करा, सातव्या मजल्यावर उघडा दिवा टिकत नाही. वृंदावनाच्या दोन्ही अंगांना भिंतीवर लोखंडी जाळी ठोकून तिला छोट्या कुंड्या टांगता येतील. उतरत्या पायऱ्यांचं कुंड्यांचं स्टँड आणणार असाल तर ते भिंतीला स्क्रूने जखडा. मुलीने खालच्या पायरीवर पाय ठेवला की वरच्या कुंड्यांसकट ते पुढे येतं.

दक्षिणेचं टोक एसी आणि कपड्यांचं. आधी युनिटचं तोंड बघा. बऱ्याच ठिकाणी ते आखूड भिंतीला पाठ करून ठेवलेलं असतं आणि गरम हवा बाल्कनीच्या लांबीत सोडतं, म्हणजे थेट बसणाऱ्यांच्या अंगावर. तुमचंही तसं असेल तर वळवून घ्या : पाठ घराच्या भिंतीकडे, तोंड बाहेर. आणि स्टँड दीड फुटापेक्षा उंच हवा, कारण खालचा कट्टा हवेच्या वाटेत येतो. हवा कट्ट्यावर आपटून परत फिरली की एसी तीच गरम हवा पुन्हा ओढतो, कूलिंग कमी होतं आणि बिल वाढतं. मागे भिंतीपासून निदान चार इंच सोडा. शोभेसाठी त्यावर लाकडी पट्ट्यांची पेटी बसवून घेतात, ती करू नका. फार डोळ्यांत खुपत असेल तर फक्त हॉलकडच्या बाजूला पट्ट्यांचा एक उभा पडदा, समोरून पूर्ण उघडं.

कपड्यांसाठी छताला टांगायचा दोरी-पुलीचा स्टँड, पाइप स्टेनलेस स्टीलचे, प्रत्येक पाइप वेगळा खालीवर होणारा. दक्षिणेच्या भिंतीआड पावसाची झड कमी, त्यामुळे पावसाळ्यातही हाच कोपरा त्यातल्या त्यात कोरडा. चादरी युनिटच्या तोंडासमोर लोंबू देऊ नका. ‘सुंदर बाल्कनी’च्या फोटोंत कपड्यांची दोरी कधीच दिसत नाही. त्या फोटोंतल्या लोकांचे कपडे कुठे वाळतात कोण जाणे. आपल्या घरात ती लागतेच, म्हणून तिला आराखड्यात पहिल्या दिवसापासून जागा द्यायची. नंतर घुसवली की ती बाकाच्या डोक्यावर येते.

झोपाळा. तुम्ही तो शेवटी, ‘जमलं तर’ म्हणून विचारलात, पण मनात तोच आहे असं दिसतंय. अरुंद बाल्कनीत झोपाळा लांबीच्या दिशेनेच हलला पाहिजे. रुंदीच्या दिशेने हलवला तर १८ इंची पाट मध्ये धरून पुढेमागे तेरा-तेरा इंचच उरतात, पाय कठड्याला आणि पाठ काचेला लागते. लांबीच्या दिशेने हलवायचा तर पुढेमागे मिळून सहा-सात फूट मोकळे हवेत. ते एक तर बसायच्या कोपऱ्यातून जातात किंवा दोन दारांच्या मधल्या वाटेतून. म्हणजे झोपाळा किंवा बाक, दोन्ही नाही.

त्याहून मोठा प्रश्न तो टांगायचा कुठे. तुमच्या बाल्कनीचं छत म्हणजे वरच्यांची बाल्कनी, आणि ती बहुधा कँटिलिव्हर स्लॅब असते, एका बाजूने धरलेली. अशा स्लॅबची जाडी कमी, मुख्य सळया वरच्या अंगाला, आणि त्यावर वॉटरप्रूफिंगचा थर. खालून आरपार भोक गेलं तर गळती वरच्यांची आणि भांडण तुमचं. शिवाय झोपाळ्याचं वजन स्थिर नसतं, दर झोक्याला ताण येतो आणि जातो. अँकर बोल्ट हळूहळू सैल होतो. ग्रिलच्या पट्टीचे छोटे स्क्रू किंवा कपड्यांच्या पुलीचे हूक चालतात, झोपाळ्याचे कडे नाहीत. स्ट्रक्चरल इंजिनिअरने बीम दाखवून ‘इथे चालेल’ असं सांगितलं तर वेगळी गोष्ट. स्टँडवरची वेताची टोपली बाजारात मिळते, पण तिचा तळच साडेतीन फुटांच्या आसपास, म्हणजे आपले ४५ इंच संपले. तुमच्या जागी मी झोपाळा हॉलमध्ये घेईन, स्लाइडिंगच्या बंद पल्ल्याजवळ, बीमखाली. वारा तोच येतो, पाट भिजत नाही, आणि सासूबाईंना उंबरठा ओलांडावा लागत नाही.

उन्हाचं आणि झडीचं काय करायचं? बांबूची चिक लावा, पण १९ फुटांची एक अखंड नको. चार-पाच फुटांचे वेगवेगळे तुकडे करा. दुपारी तीननंतर फक्त बाकासमोरचा आणि हॉलच्या दारासमोरचा तुकडा सोडला की पुरतं, बाकी उघडं राहतं आणि बाल्कनी काळोखी होत नाही. लांबीचे असे तुकडे पडले की ती नजरेलाही कमी लांबट दिसते. चिकेच्या खालच्या दांडीला दोन्ही बाजूंनी दोरी बांधून ती कट्ट्यावरच्या हुकांना अडकवा. सातव्या मजल्यावरचा वारा मोकळी चिक एका दुपारीत फाडतो. पावसाळ्यात चिक उतरवून ठेवा, भिजली की काळी पडते. तेव्हा बाकासमोर पारदर्शक प्लास्टिकचा गुंडाळता येणारा पडदा चालतो. दिसायला काही खास नाही, पण हॉलमध्ये पाणी येत नाही. बऱ्याच सोसायट्या चिक-पडद्यांचा रंग ठरवून देतात, आधी विचारा.

फरशीचं मी फार लांबवत नाही. बिल्डरची टाइल धड असेल तर ती राहू द्या. क्लिकच्या डेक टाइल टाकायच्या तर फक्त बसायच्या पाच फुटांत, आणि पट्ट्या आडव्या, म्हणजे रुंदीच्या दिशेने, जायला हव्यात. उभ्या गेल्या तर बाल्कनी आणखी लांब दिसते. त्या जवळजवळ इंचभर उंच असतात, तेव्हा दाराच्या उंबरठ्याची पातळी आधी बघा. बाल्कनीची फरशी हॉलपेक्षा इंच-दीड इंचच खाली असेल आणि तो फरक तुम्ही भरून काढलात तर मुसळधार पावसात पाणी आत येणार. दर महिन्याला एक-दोन टाइल उचलून खाली झाडायचं. हिरवं प्लास्टिकचं गवत मात्र नकोच. पश्चिमेच्या उन्हात त्यावर अनवाणी पाय ठेवता येत नाही, पावसात ते पाणी धरून ठेवतं आणि वास मारतं.

आखूड भिंती, म्हणजे दोन्ही टोकं, गडद आणि उबदार रंगाच्या करा : गेरू, विटकरी, मोहरी. टोकाचा गडद रंग जवळ आल्यासारखा वाटतो आणि लांबी कमी भासते. लांब भिंत फिकट ठेवा. रंग बाहेरच्या भिंतींचा अॅक्रिलिक हवा, डिस्टेंपर एका पावसात उतरतो. लांबट जागेत आरसा लावा असं सगळे सांगतात, पश्चिमेच्या बाल्कनीत लावू नका. संध्याकाळी चकाकी हॉलमध्ये येते आणि पाखरं येऊन आपटतात.

दिव्यांची माळ कठड्यावर टोकापासून टोकापर्यंत ताणू नका, त्याने फक्त लांबीच उजळते. तीन वेगळे दिवे पुरे : बाकावर एक, तुळशीजवळ एक, कपड्यांच्या बाजूला एक, तिन्ही वेगवेगळ्या बटणांवर. पिवळसर, ३००० केल्व्हिनच्या आतले. पांढऱ्या दिव्यापेक्षा त्यावर किडे कमी येतात. झड लागते म्हणून फिटिंग आयपी ६५ चं, म्हणजे पाणी-धूळ आत न जाणारं, घ्या, आणि बाल्कनीचा पॉइंट ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणाऱ्या स्विचवर) आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

झाडांबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात, मी सगळ्यात शेवटी बोलते, कारण आधी वजन बघायला हवं. घराच्या बाल्कनीचा स्लॅब आपल्याकडे चौरस मीटरला साधारण ३०० किलो भाराच्या मानकाने काढतात, आणि बाहेरच्या कडेवर मीटरभर लांबीला सुमारे १५० किलो. बारा इंची कुंडी मातीने भरून, पाणी घालून २५ किलोंच्या आसपास जाते. मीटरभरात तीन बसतात, म्हणजे ७५, चालेल. पण कठड्याला लागून दीड फूट रुंद आणि दीड फूट खोल विटांचा हौद बांधून त्यात माती भरली तर ओल्या मातीचंच वजन मीटरला ३४० किलोंच्या घरात जातं, विटा वेगळ्या. असं बांधकाम कोणी सुचवलं तर साफ नकार द्या. कुंडीतसुद्धा नुसती लाल माती नको. माती, कोकोपीट आणि गांडूळखत समसमान घेतलं की वजन बरंच उतरतं आणि पाणीही धरून राहतं.

पश्चिमेला ऊन दुपारी दीड-दोननंतर येतं आणि ते कडक असतं, वर भिंत तापून रात्रीपर्यंत उष्णता सोडत राहते. इथे सदाफुली, चिनी गुलाब, कोरफड, गवती चहा, कढीपत्ता आणि एखादी जास्वंद तग धरतात. कढीपत्ता आणि जास्वंद जमिनीवर बारा इंची कुंडीत, बाकीची जाळीवर टांगलेली. मनी प्लांट आणि फर्न या उन्हात जळतात, ती हॉलमध्ये काचेच्या आत. बोगनवेल उन्हाला उत्तम, पण तीस इंचांच्या वाटेत काटे नकोत. कण्हेर, डिफेनबाकिया आणि अडेनियम मुलगी मोठी होईपर्यंत टाळा, विषारी आहेत. वेल हवा तर ग्रिलच्या तारांवर गोकर्ण सोडा. बियांपासून सहज येतो, हलका असतो, निळी फुलं भरपूर, आणि वाळला की कापून टाकता येतो. मधुमालती लावलीत तर दोन वर्षांत ग्रिल दिसणार नाही आणि तारांवर नको तेवढा भार येईल.

काळ्या प्लास्टिकच्या कुंड्या पश्चिमेला मुळं उकडतात. प्लास्टिकची कुंडी थोड्या मोठ्या मातीच्या कुंडीत बसवली की दोन्हींचा फायदा मिळतो : मुळं थंड राहतात, पाणीही लवकर उडत नाही. कठड्याच्या बाहेर किंवा माथ्यावर एकही कुंडी नको, खालून माणसं जातात. आणि प्रत्येक कुंडीखाली ताटली, नाहीतर तुमचं मातीचं पाणी सहाव्या मजल्यावरच्या पांढऱ्या चादरीवर उतरतं. ताटलीतलं पाणी आठवड्यातून एकदा ओतून, ती घासून कोरडी करायची. नुसतं ओतून भागत नाही, डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात आणि पाणी आलं की पुन्हा फुटतात. पाऊस लागला की ताटल्या काढूनच ठेवा.

चिमण्यांसाठी दाण्याचं भांडं टांगायचा मोह आवरा. चिमण्या येत नाहीत, कबुतरं येतात, आणि त्यांची घाण बाकावर पडते. पाण्याचं एक उथळ भांडं ठेवायला हरकत नाही, तेही रोज बदलून.

खर्चाचा क्रम असा लावा. ग्रिल आधी, आणि उतार किंवा गळतीचं काम असेल तर तेही तेव्हाच, एप्रिल-मेमध्ये, पाऊस यायच्या आत. त्यासोबत चिक, कारण ऊन तेव्हाच सोसत नाही. हातात असलेल्या पैशातला निम्मा या तीन गोष्टींत गेला तरी कुरकुर करू नका. एसी वळवणं आणि कपड्यांची पुली एकाच दिवशी उरकतात. भिंतींचा रंग आणि बाक दिवाळीच्या सुमारास करा. भिंत तोवर पूर्ण सुकलेली असते आणि सागवानाला पॉलिशही नीट धरतं. बाक येईपर्यंत दोन घडीच्या खुर्च्या वापरून बघा, बसायची जागा खरंच तिथे सोयीची आहे का ते कळेल. रोपं मात्र मेमध्ये नर्सरीतून उचलू नका, जूनमध्ये पहिले दोन-तीन पाऊस होऊ द्या. मेच्या उन्हात आणलेलं रोप सावरायलाच महिना घेतं.